दोरीला हात लावलेल्यांचा वाटा

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकीण आजींनी आम्हाला आधी विहीर दाखवली. खोल्या नंतर.

"पाणी बघून घ्या. मे महिन्यात तळाला जातं. तेव्हा माझ्याकडे कुरकुरत यायचं नाही." मग मागचं दार, न्हाणी, पडवीतली चूल, माळ्यावर रचलेली लाकडं, आणि अगदी शेवटी आम्हाला द्यायच्या दोन खोल्या. जांभ्याचं जुनं घर, वर कौलं, ऑगस्टमधला पाऊस पन्हळीतून सरळ अंगणात कोसळत होता. भाडं तीन हजार. तेवढं सांगून आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "पण सहा जणींनी सहा वेळा माझ्या दारात यायचं नाही. पाच तारखेला एकीच्या हातून सगळे पैसे आले पाहिजेत. कोणाच्या, ते तुमचं तुम्ही ठरवा."

२०११ सालची गोष्ट. मी रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे कॉलेज १९८१ पासून चालू आहे. मी लातूर जिल्ह्यातली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो प्रवेश घ्यायला आले त्या दिवशी, भाट्याच्या पुलावरून. घरच्यांना मासेमारीचं शिक्षण म्हणजे नक्की काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वडील फक्त म्हणाले, "पाण्याचं शिक्षण आहे ना, मग घे." आमच्या भागातल्या माणसाला तेवढं कारण पुरतं.

बाहेर घर घ्यायचं कारण साधं होतं. आम्हाला स्वतःची चूल हवी होती. दिवसभर माशांबद्दल शिकायचं, पहाटे मिरकरवाडा बंदरावर लिलाव बघायला जायचं, आणि रात्री दुसऱ्याच्या हातचं ठरलेलं ताट जेवायचं, हे आम्हाला पटेना. शिवाय बंदरावर पोचायचं तर अंधारात निघावं लागतं, आणि त्या वेळी चहा करून देणारं कोणी नसतं.

सहा जणींची नावं मी इथे लिहीत नाही, गावांनीच ओळखा. हर्णैची कोळ्याची मुलगी, जिला आमच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त मासे ओळखता येत. गुहागरची. कोल्हापूरची. नाशिकची. वर्ध्याची, ती शाकाहारी. आणि मी.

पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. ते येणारच होतं. माझे वडील विविध कार्यकारी सोसायटीचे गटसचिव. लहानपणापासून मी घरात कीर्द आणि खतावणी हे शब्द वरण-भातासारखे ऐकलेले. बाजारातून लाल कापडी बांधणीची लांब वही आणली, पानावर रेघा मारल्या: जमा, खर्च, शिल्लक, बाकी. घरभाडं प्रत्येकी पाचशे. किराणा, गॅस, रॉकेल, वीज. मासळीचा रकाना वेगळा, म्हणजे वर्ध्याचीला त्याचा भार नको. महिनाअखेरीला बेरीज रुपयाला रुपया जुळायची. मला त्या जुळण्याचा फार अभिमान होता.

आणि तीन महिन्यांत घर मोडायला आलं.

झालं असं की कोल्हापूरची स्वयंपाकात हुशार होती. पहिल्या आठवड्यात तिने भाकरी केल्या, सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तिनेच केल्या. कोणी तिला सांगितलं नाही, कोणी तिला अडवलंही नाही. ऑक्टोबर येईपर्यंत सहा जणींचा दोन वेळचा स्वयंपाक तीच करत होती आणि आम्ही तिच्या हाताची चव वाखाणत होतो. आम्ही सगळ्या मुली होतो, त्यामुळे ही गोष्ट आणखी सोपी झाली. घरोघरी आम्ही हेच पाहिलेलं होतं. जिला येतं ती करते. बाकीचे तिचं कौतुक करतात, आणि त्या कौतुकातच तिचे कष्ट फिटले असं धरलं जातं.

एका संध्याकाळी प्रॅक्टिकलहून आलो तर चूल थंड होती. ती पडवीत पायरीवर बसलेली. रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. "आज मी करणार नाही," एवढंच म्हणाली. त्या रात्री आम्ही चिवडा खाल्ला. कोणी बोललं नाही. मी वही काढली, का कोण जाणे, आणि मागची पानं चाळत बसले. तांदूळ, कांदे, नारळ, कोकम, मिठाची पुडी, काड्यापेटी. काड्यापेटीचा एक रुपयासुद्धा लिहिलेला होता. पेटवणाऱ्या हाताची नोंद कुठेच नव्हती. माझ्या हिशेबाप्रमाणे त्या घरात कोणी काही केलेलंच नव्हतं, फक्त विकत आणलं होतं.

ती चूक माझी होती. वही माझ्याकडे होती आणि काय मोजायचं ते मी ठरवलं होतं.

त्यावर उपाय आम्हाला कॉलेजच्या वर्गात सापडला नाही, वाळूवर सापडला. नोव्हेंबरात अभ्याससहल मालवणकडे गेली. तिथे सकाळी किनाऱ्यावर रापण चालली होती.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण ती सांगण्यासारखीच आहे. मोठं लांबलचक जाळं होडीत घालून समुद्रात नेतात आणि अर्धगोल फिरवून सोडतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. मग दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतात आणि दोर ओढायला सुरुवात होते. एकदोघांचं काम नाही, दोन्हीकडे रांगा लागतात. पाय वाळूत रोवायचे, अंग मागे टाकायचं, आणि सगळ्यांनी एका लयीत मागे सरकायचं. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडतो, चालत पुढे पाण्यापाशी जातो आणि तिथून पुन्हा धरतो. ओढलेला दोर कोणीतरी वेटोळं करून ठेवत असतो. हे तासन्‌तास चालतं. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात, अर्धगोल लहान होतो, आणि शेवटी जाळ्याचा पोटाकडचा भाग किनाऱ्याला लागतो तेव्हा पाणी चांदीसारखं उसळायला लागतं. जाळं एकाचं नसतं. अनेक घरांची मिळून एक रापण असते, आणि त्या घरांच्या समूहाला तिथे रापण संघ म्हणतात.

आम्ही सहा जणी बघत उभ्या होतो. हर्णैचीने चप्पल काढली, सलवार वर खोचली आणि रांगेत शिरली. तिच्यामागून आम्हीही. माझ्या तळहातांना अर्ध्या तासात फोड आले. ओल्या दोराचं वजन मला तोवर माहीतच नव्हतं.

जाळं बाहेर आल्यावर वाटे घातले गेले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. वाळूवर माशांचे छोटे ढीग. दोराचं वेटोळं करत एका बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याचाही वाटा निघाला. त्याच्यात ओढायचं बळ नव्हतं, पण वेटोळं नीट नसतं तर दोर गुंतला असता. आम्ही हात धुऊन निघालो तर एका मामांनी हाक मारली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांगडे घालून पुढे केले. आम्ही नको-नको म्हणालो, आम्ही तर शिकायला आलोय. ते म्हणाले, "दोरयेक हात लायलात मां? मगे वाटो व्हरूक व्हयो." दोराला हात लावलात ना, मग वाटा न्यायलाच हवा.

पिशवीत तेरा बांगडे होते. आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या मावशींनी ते तळून दिले. वर्ध्याचीने आपल्या वाटणीचे दोन कोल्हापूरचीच्या ताटात ठेवले आणि म्हणाली, "दोर मीपण ओढला. कोणाला द्यायचे ते मी ठरवणार." तिचा वाटा तिने खाल्ला नाही, पण सोडलाही नाही. हा फरक मला तेव्हा फार लागला.

परतीच्या एसटीत कोल्हापूरची खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आपल्या वहीत त्या म्हाताऱ्याला काहीच मिळालं नसतं."

रत्नागिरीला पोचलो त्या रात्री नवं पान केलं. पैशांच्या रकान्यांशेजारी कामाचा रकाना. भाकरी, भाजी, भांडी, पाणी, झाडलोट, पहाटेचा बाजार, मासे साफ करणं, आणि वही लिहिणं. हे सगळं तासांत मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यावर आम्ही चार रात्री भांडलो. मासे साफ करायचा एक तास आणि कपबश्या विसळायचा एक तास सारखाच का? पहाटे चारला उठून बंदरावर जाणं हे काम, की हर्णैचीची हौस? जिला भाकरी येत नाही तिचा शिकण्यातला वेळ धरायचा का? शेवटी धरायचा ठरला. माझ्या पहिल्या दहा-बारा भाकऱ्या चुलीतच गेल्या, तो वेळ वहीत लिहिलेला आहे. आठ तासांचं काम आठवड्याला प्रत्येकी आलं. कोणाला काम बदलून हवं असेल तर ते समोरासमोर बोलून, सगळ्यांसमोर. आणि वही माझ्या पेटीत राहणार नाही, चुलीजवळच्या खुंटीला टांगलेली राहील. हा शेवटचा नियम कोल्हापूरचीचा. तिच्या मते बाकीचे सगळे नियम मोडले तरी चालतील, हा मोडायचा नाही.

मला आजही वाटतं की ते घर त्या खुंटीमुळे टिकलं. आम्ही काही फार प्रेमळ किंवा समजूतदार मुली नव्हतो. रागाच्या भरात कोणी म्हणालं, "मीच सगळं करते," तर दुसरी शांतपणे वही काढून द्यायची. पाच मिनिटांत कळायचं की तिचं बरोबर आहे की नाही. बरोबर असेल तर काम बदललं जायचं. अबोला धरायला जागाच उरायची नाही.

त्या घरात अभ्यासही वेगळाच झाला. चुलीवर जाण्याआधी प्रत्येक बांगड्याची लांबी मोजली जायची. पोट फाडल्यावर आतडं आणि अंडाशय बघून नोंद व्हायची, मग मीठ-हळद लागायची. रास्ट्रेलिगर कानागुर्टा हे बांगड्याचं शास्त्रीय नाव मी पुस्तकातून पाठ केलं नाही. तोंड उघडून त्याच्या कल्ल्यांचे पिसांसारखे लांब दाते नाशिकचीने दाखवले, तेही एका हातात कोयता धरून. तारली आली की तारलीवर तेच. पावसाळ्यात दोनेक महिने मासेमारी बंद, तेव्हा सुका जवळा, सोडे, बोंबील आणि कुळथाची पिठी. त्या दोन महिन्यांत समुद्र का मोकळा सोडतात हे आम्हाला परीक्षेसाठी शिकायला लागलं नाही. मे महिन्यात कापलेल्या माशांची भरलेली पोटं आम्ही आमच्या पाटावर पाहिलेली होती.

मे महिना म्हणजे विहीर. आजींनी सांगितलं होतं तसं पाणी तळाला गेलं. जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे उन्हाळ्यात पाण्याची मारामार, हे मला आधी खरंच वाटेना. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते उतारावरून सरळ खाडीला जातं. पाणी मोजून वापरायचं कसं, हे मात्र त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. दिवसाला माणशी चार कळश्या. तांदूळ धुतलेलं पाणी आजींच्या अळवाला. त्या महिन्यात माझे कामाचे तास सगळ्यांपेक्षा जास्त भरले. रहाटावर मी तासन्‌तास उभी असायची आणि मला लातूरची आठवण यायची.

तिसऱ्या वर्षी मत्स्य सहकाराचा विषय आला. पुस्तकात एक ओळ होती: देशातली मच्छीमारांची पहिली सहकारी सोसायटी १९१३ सालची, कर्ला मच्छीमार सोसायटी. आम्ही एकमेकींकडे बघितलं. कर्ला हे नाव आम्ही भाट्ये खाडीच्या काठी येता-जाता ऐकत होतो. १९०४ च्या सहकार कायद्यात फक्त कर्ज देणाऱ्या पतसंस्थांना जागा होती. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सोसायट्या काढता येऊ लागल्या, आणि पुढच्याच वर्षी मच्छीमार सोसायटी उभी राहिली. तिच्यानंतर दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आशियातली पहिली गृहनिर्माण सोसायटी म्हणून तिचं नाव घेतात, आणि श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. ही माणसंसुद्धा किनारपट्टीवरून, कानडा मुलखातून, नोकरीसाठी मुंबईत आलेली होती. परक्या शहरात राहायला जागा हवी आणि एकट्याला परवडत नाही, ही अडचण जुनीच आहे.

नाशिकचीला उत्साह आला. आपणही सोसायटी नोंदवू या, म्हणाली. मी वडिलांना फोन केला. ते हसले नाहीत, त्यांनी नीट सांगितलं: १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे तेव्हा किमान दहा माणसं लागत, तीही वेगवेगळ्या कुटुंबांतली. आम्ही सहा. "पण सभासदाला एक मत, हे तुम्ही पाळता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "वही सगळ्यांना बघायला मिळते?" हो. "मग नोंदणीचं राहू दे," ते म्हणाले. "आमच्याकडं नोंदलेल्या सोसायट्या आहेत, त्यांची वही कपाटात असते."

सगळ्यात अवघड प्रसंग २०१३ च्या पावसाळ्यात आला. त्या वर्षी विदर्भात अतिवृष्टी झाली. वर्ध्याचीच्या वडिलांचं कपाशीचं शेत पाण्याखाली गेलं. तिने आम्हाला काही सांगितलं नाही, फक्त जेवण कमी केलं आणि पाच तारखेला माझ्याजवळ येऊन म्हणाली, "या महिन्यात नाही जमणार. मी घर सोडते."

मी वहीवाली. मी लगेच तोडगा काढला. पैसे नाहीत ना, मग काम दे. आमच्याकडे तासांचा रकाना होताच. पाचशे भाडं आणि नऊशे जेवणाचे, त्याचे तास काढले, ते आमच्या पाच जणींच्या पाळ्यांतून वजा केले आणि तिच्या नावावर टाकले. सगळ्यांना हे फार न्याय्य वाटलं. तिलाही. ती दुसऱ्या दिवसापासून भांडी घासायला लागली, सकाळी झाडायला लागली, रात्री पुन्हा भांडी. आम्ही अभ्यासाला बसायचो आणि मागच्या दाराला भांड्यांचा आवाज यायचा. हिशेब बरोबर होता. आठवड्यात तिने आमच्याशी बोलणं कमी केलं. नंतर ती आमच्याबरोबर जेवायलाही बसेना, आधी आमचं होऊ द्यायची.

आजींनी हे अंगणातून पाहिलं होतं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, तासांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्यांच्या यजमानांची गोष्ट सांगितली.

ते मुंबईत गिरणीत होते. राहायला लालबागला गावच्या खोलीत. कोकणातल्या गावोगावच्या मंडळांनी गिरणगावात अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. प्रत्येकाला एक ट्रंक ठेवायला आणि एक खुंटी कपडे अडकवायला. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक उठून गेला की दुसरा त्याच जागेवर झोपायचा. जेवण खाणावळीत. दरमहा ठरलेली वर्गणी, आणि गावाहून नवा पोरगा आला तर नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. महिने गेले, कोणाकडेच पैसे नव्हते.

"तेव्हा खोलीत कोणाला भांडी घासायला लावली नाहीत हो," आजी म्हणाल्या. "वर्गणी बाकी म्हणून लिहिली. नाव काढलं नाही. खाणावळवालीनं पण लिहूनच ठेवलं. ह्यांची बाकी आम्ही आंबे विकून पुढं तीन वर्षांनी दिली. बाकी असली म्हणजे माणूस आपल्यातलाच असतो. तुम्ही तिची बाकी लिहिलीच नाही, फेडूनच घेताय."

मी वही घेऊन चुलीपाशी बसले. त्या "बाकी" रकान्याचा उपयोग मला वडिलांनी शिकवला होता, पण मी तो कर्जदाराचा रकाना समजत होते. सोसायटीत ज्याचं नाव बाकीत आहे तो सभासद राहतो, मत देतो, सभेला येतो. कर्ज फेडेपर्यंत त्याने सचिवाच्या घरी पाणी भरावं असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर ती सावकारी होते. माझ्या वडिलांच्या गावात सोसायटी निघाली तीच ते बंद व्हावं म्हणून. आणि मी, त्यांची मुलगी, तासांचा सुबक तक्ता काढून नेमकं तेच परत आणलं होतं.

त्या रात्री सहा जणी बसलो. वर्ध्याचीच्या नावावर टाकलेले जादा तास खोडले. भाडं आणि जेवण, तीन महिन्यांचे, ४२०० रुपये बाकी. कधी द्यायचे ते लिहिलं नाही. तिच्या वाटणीचे ते पैसे आम्ही पाच जणींनी भरले. कोल्हापूरची म्हणाली की आता उद्यापासून तू आधी जेवायला बसायचं, आणि पातेलं तिच्यासमोर आणून ठेवलं. वर्ध्याची बराच वेळ वहीतल्या त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे शाईने लिही. पेन्सिलने नको."

२०१४ मध्ये शिक्षण संपलं. निघताना कुकर, टोप, विळी, दोन बादल्या कोणी न्यायच्या याचा प्रश्न आला आणि अर्ध्या तासात मिटला. सगळं तिथेच ठेवायचं. आमच्यामागून दुसऱ्या वर्षाच्या पाच मुली येणार होत्या. वही मात्र मला न्यावीशी वाटली. माझं अक्षर होतं, तीन वर्षं होती त्यात. हर्णैचीने विचारलं, "तू नेलीस तर त्यांना कसं कळेल मासे साफ करायचा तास केवढा?" मी ती परत खुंटीला अडकवली.

नाशिकची पुढे शिकायला अमेरिकेत गेली, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी, बर्कलीला. एकदा तिचा रात्री फोन आला, आवाजात हसू होतं. ती विद्यार्थ्यांच्या सहकारी घरात राहायला गेली होती. तिथली ही संस्था १९३३ च्या महामंदीत चौदा विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, आता तिचे हजारावर सभासद आहेत. तिथेही प्रत्येकाला आठवड्याला पाच तास काम असतं, स्वयंपाक किंवा साफसफाई किंवा आणखी काही. "आपले आठ होते," ती म्हणाली. मी म्हटलं, त्यांच्याकडे विहीर नसेल.

रापणीच्या बातम्या मी अजूनही वाचते. यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळ येणारे थवे आधीच घेरून नेतात, मग रापणीच्या अर्धगोलात काय येणार? डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. मला दर वेळी तो वेटोळं करणारा म्हातारा आठवतो. यंत्रावर चालणाऱ्या जाळ्याला त्याची गरज नाही, आणि गरज नाही म्हणून त्याचा वाटाही नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं. बांगडे कमी झाले याच्याइतकंच.

वर्ध्याचीला २०१५ मध्ये बँकेत कृषी अधिकारी म्हणून नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिने माझ्या खात्यात ४२०० रुपये पाठवले आणि फोन केला, बाकी खोडून टाक. पण आता ते पैसे नक्की कोणाचे? आम्ही पाच जणी पाच गावांना. वाटून घ्यायचे म्हटलं तर प्रत्येकी ८४० येत होते, आणि कोणालाच ते घ्यावेसे वाटेनात. दोन दिवस बोलणं चाललं. मग हर्णैची म्हणाली, बाकी वहीतली आहे, पैसे वहीकडे जाऊ देत. आजी तोवर थकल्या होत्या, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्याकडे राहणाऱ्या मुलींपैकी एकीचा नंबर घेतला, तिला कधी भेटले नव्हते, आणि पैसे पाठवून दिले. कशाचे ते सांगितलं.

आठवड्याने तिने फोटो पाठवला. रहाटावर नवा काथ्याचा दोर, अजून पिवळा, ताठ. आणि दुसऱ्या फोटोत वहीचं पान. रेघा माझ्याच मारलेल्या, अक्षर ओळखीचं नाही.

मागील बाकी जमा ४२००. रहाटाचा दोर २८०. शिल्लक ३९२०. नवा दोर आधी रात्रभर पाण्यात भिजवावा, मग बांधावा.